सँडलच्या बकलाला लागणारा वेळ

कंपनीत माझं काम म्हणजे दुसऱ्यांच्या कामाला किती वेळ लागतो ते मोजणं. हातात स्टॉपवॉच, फळीला लावलेला कागद, आणि समोर मशीनवर उभा एखादा माणूस. मी जवळ गेलो की त्याचे हात आपोआप सावकाश चालत. एकदा चपळाई दाखवली की तोच वेळ कायमचा मानगुटीवर बसणार, हे त्याला पक्कं ठाऊक असे. या कामामुळे पिंपरीत मला मित्र फारसे नव्हते.

बायको दवाखान्यात नर्स होती आणि पहिल्या पाळीसाठी सहालाच घर सोडायची. चार वर्षांच्या मुलीला तयार करून शेजारच्या मावशींकडे पोचवायचं आणि सात वीसची कंपनीची बस गाठायची, हे माझ्या वाट्याला होतं. मुलीला सँडलचं बक्कल स्वतःच लावायचं असे. मी मदत केली की ती रुसून दोन्ही पाय पोटाशी घेऊन बसायची. एका महिन्यात दोनदा बस चुकली, तेव्हा मी स्टॉपवॉच घरी आणलं.

तीन दिवस सकाळी रीतसर मोजमाप केलं. दात, दूध, वेणी, सँडल. उकिडवं बसून मुंग्या बघणं याला कागदावर रकाना नव्हता, तो आखावा लागला. मग मुंग्या बंद केल्या. दूध पिताना बोलणंही बंद केलं. आठवडाभरात मुलगी माझ्या आधी दारात उभी राहायला लागली. मला भलताच अभिमान वाटला. घड्याळ बघून कामाला जोर चढलेला एकही माणूस मी तोवर पाहिला नव्हता. अर्थात, ते सगळे मला ओळखून होते. मुलीला मी नुसता बाबा वाटत होतो.

एका संध्याकाळी बसमधून उतरलो तर मावशींनी वाटेतच थांबवलं.

"भाऊ, पोरगी दुपारी निजतानाबी सँडल काढू देत न्हाई. काढाया गेलं की रडती. म्हनती, परत लावाया येळ जाईल, बाबाची बस चुकंल."

घरी बायकोला सांगितलं. तिला माहीत होतं. रात्रीही मुलगी झोपल्यावरच ती सँडल हळूच काढून ठेवत होती. मला का सांगितलं नाहीस, म्हणून विचारलं, तर म्हणाली की तुम्ही त्याचाही वेळ लिहून घेतला असता.

मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी पायरीवर मुलीशेजारी बसलो आणि सावकाश होऊ दे म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही. घाईघाईत बकलाची काडी भोकात जाईना. तेवढ्यात रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला आणि बस निघून गेली. तिचे हात थांबले. ती रस्त्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बाबा, आता तुम्ही रागावणार?"

"नाही."

तेवढ्याने भागलं नाही. पुढे चार दिवस मी रोज तिच्यादेखत बस जाऊ दिली. साहेबांनी उशिराचं लेखी कारण मागितलं. मुलगी सँडल घालत होती, असं मी लिहून दिलं. ते कारण फायलीला लागलं.

पाचव्या संध्याकाळी मावशी दारातच उभ्या होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "आज पोरगी अनवानी निजली."