नर्सीचा रुंद रस्ता

आमच्या गावावरून नर्सीमार्गे हिंगोलीला जाणाऱ्या रस्त्यावर माझा राग होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. माझ्या लहानपणी ती गाडीवाट होती. पावसाळ्यात बैल गुडघाभर चिखलात फसायचे. मग खडी आली, पुढे एकच वाहन मावेल एवढी डांबराची पट्टी. समोरून एसटी आली की जीप मुरमावर उतरायची आणि दोन्ही ड्रायव्हर एकमेकांची खुशाली विचारूनच पुढे जायचे. त्या पट्टीच्या कडेला एका कडुलिंबाखाली मी चहा विकायला बसलो. दुकान, घर, मुलीचं लग्न, सगळं त्या सावलीत उभं केलं. रस्ता रुंद होऊ लागला तेव्हा साहेबांशी भांडलो, घासाघीस केली, हातभर तरी वळवा म्हणालो. लिंब गेलाच. सौद्यात मला तोवर कुणी हरवलं नव्हतं. नामदेव महाराजांवरही रुसलो. त्यांच्याच गावाला जाणारा रस्ता, त्यांनी काहून बघू नये? दर्शनाला जाणं सोडलं.

गेल्या वर्षी परतवारीची एकादशी होती. पंढरपूरहून परतलेल्या दिंड्या त्या दिवशी नर्सीला येतात आणि हिंगोलीपर्यंतचा रस्ता माणसांनी भरून जातो. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या माझ्या मुलीला सकाळीच कळा सुरू झाल्या. बाळ आडवं होतं, त्यामुळे हिंगोलीचा दवाखाना गाठणं भाग होतं. नर्सी ओलांडली आणि जीप थांबली. समोरून दिंड्यांमागून दिंड्या येत होत्या. मागे मुलगी दात आवळून कण्हत होती. मी ड्रायव्हरच्या अंगावरून हात घालून हॉर्न दाबत राहिलो. मनातलं तोंडावर आलं, "महाराज, अन्नदान करतो. घंटा बांधतो. एवढी एक वाट द्या."

"तिथंबी भाव करून राहिले का?" मुलीचं डोकं मांडीवर घेतलेली बायको म्हणाली. "नुसते हात जोडा ना."

मी हात जोडले.

तेवढ्यात डोक्यावर तुळस घेतलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं जीपवर थाप मारली. "केवढा भोंगा लावला बाप्पा! देव बहिरा हाय का?"

"मावशी, पोरगी अडली हाय."

तिनं आत डोकावून पाहिलं. "मंग तोंडानं सांगा की. भोंग्याला काय कळतंय?"

नर्सी तिला हाकेच्या अंतरावर होती. ती माघारी वळली आणि हिंगोलीच्या दिशेने जीपपुढे चालू लागली. "एका अंगाला व्हा माय, लेकरू येऊन राहिलं." पुढच्या दिंडीनं तो निरोप उचलला, तिनं तिच्या पुढच्या दिंडीला दिला. टाळ थांबले नाहीत, पण सगळी माणसं एका कडेला सरली आणि अर्धा रस्ता दूरवर मोकळा झाला. जीपनं वेग घेतला तशी ती बाई मागे राहिली.

नात झाली. दोघी सुखरूप आहेत.

संध्याकाळी परतताना ध्यानात आलं, की जुन्या पट्टीवर त्या गर्दीतून सायकलही निघाली नसती. लिंब आजही आठवतो, ते मी लपवत नाही. पण मी हातभर वळण मागत होतो आणि देणाऱ्याला माझ्या लेकीची वाट दिसत होती, असं मला वाटतं. यंदा नातीला कडेवर घेऊन परतवारीला गेलो. समाधीपुढे काही मागितलं नाही. त्या मावशीला तेव्हा दर्शन झालं की नाही, कुणास ठाऊक. गर्दीत तुळस घेतलेली बाई दिसली की मी आधी बाजूला होतो.