सुजूचं ऑपरेशन आणि माझे हात

"हिला शी कुठून होते, ते कधी नीट बघितलंत का?"

कुळगावच्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी हे विचारलं तेव्हा मला रागच आला. माझी सुजाता तेव्हा सात महिन्यांची होती. पोट टम्म फुगलेलं. नाचणीची पेज दोन चमचे पोटात गेली की पाय पोटाशी घेऊन किंचाळायची. आणि या बाई मला हे विचारत होत्या. शी जिथून होते तिथूनच होणार ना!

त्यांनी टॉर्च घेतला, सुजूचे पाय वर धरले आणि म्हणाल्या, "इकडे या. इथे शीची जागा असायला पाहिजे. आहे का?"

नव्हती. नुसती सपाट कातडी होती. मधे एक हलकीशी खळगी, बस. शी येत होती ती पुढून, लघवीच्या जागेच्या जरा खाली असलेल्या एका बारीक भोकातून. अंगावर पीत होती तोवर पातळ शी त्यातून निघून जायची. वरचं खाणं सुरू केलं आणि सगळं आत तुंबलं.

"याला अ‍ॅनोरेक्टल मालफॉर्मेशन म्हणतात," त्या म्हणाल्या. "म्हणजे गुदद्वार जन्मतःच तयार झालेलं नाही. हिचा प्रकार आहे व्हेस्टिब्युलर फिस्टुला. आतडं चुकीच्या जागी उघडलंय. ऑपरेशनने नीट होतं. पण हे जन्मली त्याच दिवशी कळायला हवं होतं. डिलिव्हरी कुठे झाली?"

मी म्हटलं, उल्हासनगरला. त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

मी बोलते. उल्हासनगरच्या ज्या नर्सिंग होममध्ये मी बाळंत झाले, तिथल्या डॉक्टरांनी बाळाला कपड्यात गुंडाळून माझ्या शेजारी ठेवलं आणि म्हणाले, "एकदम नॉर्मल बेबी आहे, टेन्शन नको." नॉर्मल म्हणायच्या आधी त्यांनी तिला पालथी करून बघितलं असतं तर एवढं सगळं झालं नसतं. त्याला काही मशीन लागत नाही. डोळे लागतात. पुढे शी कडक होते म्हणून मी तिला दोनदा त्यांच्याकडे नेलं. दोन्ही वेळा लंगोट न सोडता त्यांनी औषध लिहून दिलं. वर हसून म्हणाले, "पहिलं बाळ आहे ना, आईला जास्तीच काळजी असते."

तेव्हा तुम्हाला पहिलं सांगणं हेच. तुमचं बाळ जन्मलं की कुणी काहीही म्हणो, स्वतः बघा. लाजू नका. सगळं जागच्या जागी आहे का, ते उजेडात बघा.

आम्ही बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत तळमजल्यावर राहायचो. मी, माझे मिस्टर मिलिंद आणि सासूबाई. मिलिंद अंबरनाथ एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत शिफ्टला जायचे. सासूबाई दर पौर्णिमेला विहारात वंदनेला जाणाऱ्या. नवस-सायास, ग्रहण-बिहण आमच्या घरात कधी कुणी पाळलं नाही. पण त्या दिवशी घरी येऊन सुजूचं सांगितलं, तर त्या मला म्हणाल्या, "वंदना, खरं सांग. पोटात असताना ग्रहणात काय चिरलं होतंस?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"आई, तुम्ही हे बोलता?"

"मग असं कसं झालं? आमच्यात कुणाचं नाही असं."

रोज सकाळी सुजूला त्याच अंघोळ घालायच्या. शी होत नाही म्हणून विड्याच्या पानाचं देठ तेलात बुडवून त्यांनीच लावलं होतं, आणि म्हणाल्या होत्या, पोरीची जागा फार बारीक आहे. पण त्यांना कुणी विचारलं नाही. नातेवाइकांत ज्याने त्याने मलाच विचारलं, आई असून तुला कळलं कसं नाही?

कुळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की मुंबईला लहान मुलांच्या सर्जनकडेच न्या. पण मुंबई म्हणजे मिलिंदच्या किती रजा जाणार, कुणाला धरून जाणार, यात आठवडा गेला. त्यात नातेवाइकांकडून कळल्यावर उल्हासनगरच्या त्याच डॉक्टरांनी निरोप दिला की आमच्याकडे सर्जन येतात, छोटं ऑपरेशन आहे, दुसऱ्या दिवशी घरी. घरातल्या सगळ्यांना ते पटलं. जवळचं, ओळखीचं. मी म्हटलं, ज्यांना दिसलं नाही त्यांच्याकडेच परत? त्यावर माझ्या मोठ्या दिरांनी "डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का?" एवढं एकच वाक्य टाकलं आणि विषय संपला.

ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी टाके सुटले. जखमेत पू झाला, ताप चढला. तिथल्या सर्जननी ड्रेसिंग उघडून बघितलं आणि मला म्हणाले, "घरमें साफ-सफाई बराबर नहीं रखी आपने." मी दर लंगोटाला तिला कोमट पाण्याने धूत होते, सुती साडीचे तुकडे उकळून वाळवत होते. बोलायला तोंड उघडलं असतं तर मी त्या खोलीत काय केलं असतं मला माहीत नाही.

त्यानंतर मिलिंदने कुणालाही विचारलं नाही. सुजूला घेतलं, मला म्हणाले, "चल," आणि आम्ही मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेलो.

तिथल्या सर्जन मॅडम मध्यमवयीन, बोलायला तुटक. त्यांनी सुजूला बघितलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?" आम्ही सांगितलं. त्यांचे ओठ घट्ट मिटले. पुढे तीन वर्षांत त्या विषयावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. डॉक्टर डॉक्टरांबद्दल बोलत नाहीत, हे मला तिथे कळलं. आम्ही नंतर तक्रार करायची म्हटली, तर वकिलाने तेच विचारलं, कुठला डॉक्टर त्यांच्याविरुद्ध लिहून देईल? कुणीही दिलं नाही.

मॅडम म्हणाल्या, आता एका ऑपरेशनचं काम राहिलेलं नाही. तीन करावी लागतील. आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मग किडनीची सोनोग्राफी आणि मणक्याचा एक्स-रे. अशा बाळांना या ठिकाणीही दोष असू शकतो म्हणून. ते रिपोर्ट येईपर्यंत आम्ही बाकावर बसून असायचो. इथे हृदय, तिथे किडनी. प्रत्येक दारातून हाक आली की सुजूला उचलून धावायचं. सुदैवाने ते सगळं ठीक निघालं.

पहिलं ऑपरेशन कोलोस्टॉमी. म्हणजे पोटाला डाव्या बाजूला छेद देऊन मोठं आतडं तिथे बाहेर काढून ठेवतात. शी पोटावरून बाहेर येते, खालची जागा कोरडी राहते, तिथलं ऑपरेशन नीट भरतं. ऐकायला सोपं आहे. पहिल्यांदा बघाल तेव्हा हादराल. लाल, ओला, हलणारा मांसाचा गोंडा. मी बघितला आणि भिंत धरली. सिस्टर म्हणाल्या, "याला दुखत नाही हो. याच्या आजूबाजूची कातडी जपा." ते खरं आहे. गोंड्याला दुखत नाही, पण भोवतीची कातडी शीने सोलून निघते. शी जमा करायला पोटाला चिकटवतात ती पिशवी लहान बाळाच्या मापाची तेव्हा आमच्याकडे मिळायची नाही, मिळाली तरी सुटून यायची. शेवटी मी मऊ सुती कापडाच्या घड्या करून पट्ट्याने बांधायला लागले आणि कातडीला झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावायचे. हा उपाय मला वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरच्या आईने सांगितला.

सुजू तशीच रांगायला लागली. पोटावर घडी बांधून. वास यायचा. ते लपवण्यात अर्थ नाही, यायचाच.

त्या पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं. दुपारी उंबऱ्याला लागलं आणि बघता बघता गॅसच्या शेगडीपर्यंत. मी सुजूला आणि घड्यांची पिशवी उचलून सासूबाईंसोबत दुसऱ्या मजल्यावर गेले. तिथल्या काकू बाळंतपणात मला डिंकाचे लाडू करून देणाऱ्या. त्यांच्या घरात आधीच दोन-तीन कुटुंबं बसली होती. त्यांनी आत घेतलं, चहा दिला. थोड्या वेळाने सुजूची घडी भरली. काकू जवळ आल्या, हळूच म्हणाल्या, "वंदना, वाईट वाटून घेऊ नको. हिला घेऊन जिन्यात बसतेस का? इथे लोक जेवणार आहेत."

मी जिन्यात जाऊन बसले. माझ्या खाली पायऱ्यांवर पाणी चढत होतं. सुजू त्या पाण्याकडे बोट दाखवून हसत होती. थोड्या वेळाने सासूबाई बाहेर आल्या आणि माझ्या वरच्या पायरीवर बसल्या. पाणी उतरेपर्यंत बसल्या. ग्रहणाबद्दल त्या मला नंतर कधी बोलल्या नाहीत. माफीही मागितली नाही.

दिवाळीनंतर दुसरं, मुख्य ऑपरेशन झालं. त्याला पीएसएआरपी म्हणतात. पाठीच्या बाजूने मधोमध छेद घेऊन आतड्याचं तोंड त्याच्या खऱ्या जागी, स्नायूंच्या मधोमध आणून बसवतात. ऑपरेशन बराच वेळ चाललं. बाहेर येऊन मॅडम म्हणाल्या, "जागा चांगली झालीय. आधीच्या ऑपरेशनने थोडे स्नायू गेलेत. कंट्रोल किती येईल ते आज सांगता येणार नाही." थोडे स्नायू. माझ्या मुलीचे.

मला वाटलं होतं, आता संपलं. खरी परीक्षा पुढे होती आणि त्याची कल्पना मला कुणी दिली नव्हती.

दोन आठवड्यांनी मॅडमनी स्टीलच्या गुळगुळीत सळ्या पुढ्यात ठेवल्या. हेगर डायलेटर. पेन्सिलीएवढी जाड सळी, पुढची त्याहून जाड, त्याच्या पुढची आणखी. नवी केलेली जागा आवळून बंद होऊ नये म्हणून ती सळी जेली लावून रोज दोन वेळा आत घालायची, आणि दर आठवड्याला आणखी जाड.

"कोण करणार?" मी विचारलं.

"तुम्ही. घरी. आईनेच करायचं. चुकवलं तर जागा बंद होईल आणि मला परत कापावं लागेल."

मिलिंद कंपनीत क्विंटलभर वजनाचे ड्रम हलवणारा माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी सुजूचे पाय धरले, तिची किंकाळी ऐकली आणि पाय सोडून बाहेर गेले. मग पाय सासूबाई धरायला लागल्या. तोंड भिंतीकडे वळवून. झालं की त्या तिला उचलून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ये गं माझ्या राणी. आईने मारलं? आईला हात लावू देऊ नको हां."

एक दिवस मी सळी ताटलीत आपटली.

"आई, असं नका बोलू. हात जोडते. ती खरं मानते."

"मग काय बोलू? लेकरू रडतंय ते दिसतंय ना!"

"मग उद्यापासून सळी तुम्ही घाला, मी उचलून घेते."

त्या दिवसापासून ते बोलणं थांबलं. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. मी ताटली काढली की सुजू रांगत खाटेखाली जायची. मग नुसते माझे हात ओले दिसले तरी जायची. झोपेत मी पांघरूण घातलं तरी तिचे पाय ताठ व्हायचे. आजीच्या मांडीवर हसायची, बापाच्या खांद्यावर झोपायची आणि मी जवळ गेले की तोंड फिरवायची. डॉक्टरांनी जागा केली, ती उघडी मी ठेवली, आणि घरात वाईट एकटी मी ठरले. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. इथे पहिल्यांदा लिहितेय.

एकही दिवस चुकवला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिसरं ऑपरेशन झालं, कोलोस्टॉमी बंद केली. चौथ्या दिवशी सुजूला खालून शी झाली तेव्हा सिस्टर, आयाबाई, शेजारच्या खाटांवरच्या आया, सगळ्या बघायला आल्या. मिलिंदने पेढे वाटले. मी घडीवर घडी घालत बसले होते. कापडाच्या घड्या आता लागणार नव्हत्या, तरी हात थांबत नव्हते.

सुजू आज साडेतीन वर्षांची आहे. बरी आहे, पूर्ण नाही. शी कधी अडते, कधी चड्डीत लागते. खाणं सांभाळावं लागतं, अधूनमधून एनिमा लागतो. बालवाडीच्या बाईंना समजावून सांगितलंय, त्यांना दर आठवड्याला परत समजावते.

मॅडमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. वॉर्डातल्या त्या आईचे, कुळगावच्या डॉक्टरीणबाईंच्या टॉर्चचेही नाही. पण जे वाचलं ते नशीब आणि जे झालं ते विसरून जा, असं मला कुणी सांगू नये. काही गोष्टी होऊ द्यायची गरजच नव्हती.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा मॅडमनी मला हाक मारली. "वंदना, या बाईंना डायलेटेशन शिकव. माझं बोलणं त्यांना कळत नाहीये." मुरबाडकडची बाई होती, माझ्यापेक्षा लहान. मांडीवर मुलगी, पोटाला घडी बांधलेली. मी तिला सगळं दाखवलं. सळी आधी कोमट पाण्यात ठेव. जोर लावू नको, थांब, पोरगी श्वास सोडेल तेव्हा सरकव. झालं की दुसऱ्या कुणाकडे देऊ नको. तूच घे, रडली तरी तूच घे. घरच्यांना आधी सांगून ठेव, आईने मारलं असं कुणी बोलायचं नाही.

ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "ताई, मोठेपणी विसरतात ना गं हे?"

सुजू माझ्या शेजारी बाकावर बसली होती, मला टेकून. खोटं अगदी ओठांवर आलं होतं.

"माझी अजून विसरली नाही," मी म्हटलं. "पण पोटात दुखलं की माझ्याकडेच येते."