दोनपैकी दोन

शाळेच्या कार्यशाळेतल्या मास्तरांना सगळे 'पक्कड मास्तर' म्हणत. एखादी गोष्ट हातात घेतली की सोडायचे नाहीत म्हणून. पण तीन वर्षांपूर्वीची एक गोष्ट आता त्यांना सोडत नव्हती.

त्यांची जुनी विद्यार्थिनी एका कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला लागली होती. एका दुपारी तिथे वायुगळतीचा लाल दिवा लागला. तिने बटण दाबून विझवला. पुन्हा लागला, पुन्हा विझवला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा विझवायला ती उरली नव्हती.

बातमी कळताच मास्तरांनी कपाटातले जुने पेपर उपसले. प्रश्न चौथा: 'यंत्राचा लाल दिवा लागल्यास काय कराल?' तिचं उत्तर: 'रीसेटचं बटण दाबू.' शेजारी बरोबरची खूण, दोनपैकी दोन. प्रश्न मास्तरांचा, नमुना उत्तरही मास्तरांचंच. वर्गातल्या सरावाच्या दिव्याला ते लागूही पडत होतं.

तेव्हापासून रिकाम्या कार्यशाळेत पाऊल टाकलं, की मागच्या बाकावरून कुणी तरी तपासायला पेपर पुढे करतंय असं त्यांना वाटे. सरावाचे दिवे बंद असले तरी ते वायरी उपसून खात्री करत.

"अहो, मुलांना शिकवता की दिव्यांना धाक घालता?" बायको थट्टा करायची, पण त्यांच्या ताटातली न मोडलेली भाकरी बघून विषय बदलायची.

यंदा जिल्ह्यातल्या शाळांसाठी तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम नव्याने बांधायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यात त्यांनी एक पाठ घातला: यंत्र काय सांगतंय, कुणाला विचारायचं, आणि सगळं टाकून बाहेर कधी पळायचं.

विषयप्रमुख बाईंनी त्यावर सरळ काट मारली. "मास्तर, याला गुण कसे द्यायचे? प्रत्येक पोराचं उत्तर वेगळं येणार."

"येऊ द्या की."

"आणि तपासणार कोण, तुमचे तीर्थरूप?"

मास्तर हसले नाहीत. पिशवीतून तो पेपर काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "बाई, हिला मी पूर्ण गुण दिले होते." आणि बायकोलाही कधी न सांगितलेलं सगळं सांगून टाकलं.

बाईंनी पेपर उचलून चौथा प्रश्न वाचला. "पाठ ठेवते," त्या म्हणाल्या. "पण शिक्षकांना हे तुम्हीच सांगायचं. नुसता छापून दिला, तर तोही घोकून घेतील."

पाठ छापला गेला की आपण सुटलो, असं मास्तर धरून चालले होते.

प्रशिक्षणाला चाळीस शिक्षक आले. मास्तरांनी तिचं नाव घेऊन सगळी हकिकत सांगितली. मग पुढच्या रांगेतल्या तरुण शिक्षकाने भीत भीत हात वर केला.

"सर, फार वाईट झालं. पण... मुलांना नमुना उत्तर काय लिहून द्यायचं?"

मास्तरांनी पाहिलं. चाळीसच्या चाळीस पेनं उघडी होती. उद्या दुसरी तुकडी यायची होती, परवा तिसरी.

"पेनं खाली ठेवा," ते म्हणाले. "परत पहिल्यापासून सांगतो."