सकाळचा नत्थू, दुपारचा नत्थू

नत्थूजी वैरागडे यांनी एकतीस वर्षं भिवापूर ते नागपूर खाजगी बस चालवली. काम सोडून ते नागपूरच्या मनीषनगरात लेकाकडे राहायला आले. थोड्याच दिवसांनी कळलं, की शहरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेला अनुभवी चालक हवे आहेत. नत्थूजी गेले.

तिथे बस नव्हतीच. एक सीट, एक स्टिअरिंग, पायाशी पेडल आणि समोर तीन मोठे पडदे. पडद्यांवर रस्ता पळायचा. प्रयोगाचं काम बघणाऱ्या वैदेही मॅडमनी समजावून सांगितलं, "काका, धोका दिसला की आताच्या गाड्या स्वतःच इशारा देतात, वेळ पडली तर ब्रेकही लावतात. पण इशारा नेमका कधी द्यायचा? फार लवकर दिला तर चालक वैतागून तो बंदच करून टाकतो. उशिरा दिला तर उपयोग नाही. हे खऱ्या रस्त्यावर माणसं पाठवून तपासता येत नाही. म्हणून आम्ही कॉम्प्युटरमध्ये एक चालक तयार करतोय. माणसासारखा बघणारा, माणसासारखा चुकणारा."

"चुकणारा काहून? चांगला बनवा नं," नत्थूजी म्हणाले.

"चांगल्या चालकाला इशाऱ्याची गरज कुठे पडते?"

नत्थूजी हसले. आपल्याला नाहीच पडणार, असं त्यांना वाटत होतं.

पहिले दोन आठवडे तसंच झालं. सकाळच्या फेऱ्यांत वळणामागची गुरं पडद्यावर येण्याआधीच, नुसती धूळ पाहून, त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठायचा. वैदेहीचा सहकारी गौरांग आकडे दोनदोनदा तपासायचा.

मग एका दुपारी, जेवण झाल्यावर, त्यांना पाऊण तास सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवायला दिली. शेवटी डावीकडून एक सायकल आली आणि धडक झाली. पडदा लाल झाला.

"अचानक आडवी आली!" नत्थूजी ओरडले.

वैदेहीने चित्रण मागे नेलं. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला नत्थूजींचा चेहरा. सायकल चार सेकंद समोर दिसत होती, हळूहळू रस्ता ओलांडत होती. नत्थूजींचे डोळे उघडे होते, रस्त्याकडेच होते. पाय मात्र हलला नव्हता.

"पुन्हा दाखवा," ते म्हणाले. तीन वेळा त्यांनी ते बघितलं.

चौदा वर्षांपूर्वी, अशाच दुपारी, भिवापूरच्या अलीकडे त्यांच्या बसने देवाजी नावाच्या सायकलस्वाराला उडवलं होतं. देवाजी वाचले, पण एक पाय कायमचा अधू झाला. "तो अचानक आडवा आला," असं नत्थूजींनी सांगितलं. प्रवाशांनाही तसंच वाटलं. केस मिटली. तेच वाक्य नत्थूजींच्या तोंडून आज पुन्हा निघालं होतं.

गौरांग मागून म्हणाला, "बाकीच्या फेऱ्या इतक्या छान आहेत. ही एक गाळून टाकू या का? सरासरी बिघडते."

"नका गाळू, भाऊ," नत्थूजी म्हणाले. "सकाळचा नत्थू तर दुनियेले दाखवासाठी आहे. तुमच्या गाडीले दुपारचा नत्थू सांभाळाचा आहे."

ती फेरी राहिली. नत्थूजींनी स्वतःहून आणखी सात दुपारी दिल्या. त्यातल्या दोन तशाच निघाल्या. इतर चालकांनाही मग जेवणानंतर बोलावलं. कॉम्प्युटरमधल्या चालकाला हे उघड्या डोळ्यांचं न बघणं शिकवल्यावर इशारा उशिरा पडतोय हे दिसलं, आणि तो थोडा आधी द्यावा लागला. वैदेहीने हे आनंदाने सांगितलं. नत्थूजींनी मान डोलावली, पण त्यांचं मन तिथे नव्हतं.

घरी त्यांनी भिवापूरला जायचं काढलं, तेव्हा बायको जिजाबाई वैतागल्या. "आता कायले उकरता जुनं? तुमाले कोनं दोष देल्ला काय?"

"कोनंच नाही देल्ला, जिजा. म्हणून तर जाऊन राहिलो."

देवाजी अंगणात पाय लांब करून वाळल्या मिरचीचे देठ तोडत बसले होते. त्यांनी नत्थूजींना ओळखलं, बसायला पोतं सरकवलं. नत्थूजींनी प्रयोगशाळेतलं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही अचानक नाही आले गा. मीच पाहून नाही राहिलो होतो."

देवाजींचे हात थांबले.

"मी हात दाखवला होता," ते हळूच म्हणाले. "पहिले वर्ष-दोन वर्षं सांगत होतो सगळ्याइले. कोनी मानलं नाही. मंग मलेच वाटाले लागलं, का नसन दाखवला. घरातही हेच आयकलं, का सायकल पाहून चालवली असती तं पाय राहिला असता."

नत्थूजींना वाटलं होतं, देवाजी रागावतील. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी हात जोडले. देवाजींनी ते धड बघितलेही नाहीत. ते घराच्या दाराकडे बघत होते.

"सत्यवती," त्यांनी बायकोला हाक मारली, "बाहेर ये वं जरा."

पदराला हात पुसत सत्यवतीबाई आल्या.

"मले सांगतलं ते हिले सांगा," देवाजी म्हणाले. "पहिल्यापासून सांगा."

नत्थूजी उभे राहिले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.