भाकरीने रंगवलेला मंगळ

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, आणि अक्षर तर कोंबडीने अंगण उकरल्यासारखं आहे, तेवढं समजून घ्यावं. पण एक गोष्ट मी ठामपणे लिहू शकते. आकाशातल्या ग्रहांची आमच्या जेठांइतकी काळजी खुद्द देवानेही केली नसेल, आणि खाली राहणाऱ्या माणसांची त्यांच्याइतकी कमी काळजी अख्ख्या भुसावळात दुसऱ्या कुणी केली नसेल.

जेठ म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. नोकरी रेल्वेच्या भांडारात, कारकुनाची. त्यांना खरं तर इंजिन चालवायचं होतं, पण डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले. "त्या डॉक्टरचा माझ्यावर डूख होता," असं ते रिटायर होईपर्यंत सांगत राहिले. डॉक्टरने काही वाकडं केलं नव्हतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जेठांना लाल आणि हिरवा एकसारखाच दिसायचा. बाजारातून पिकलेले म्हणून कच्चे टोमॅटो आणायचे. लेकीच्या लग्नात लाल शालू मीच निवडणार म्हणून हटून बसले आणि शेवाळाच्या रंगाचा घेऊन आले. बिचारी तोच नेसून बोहल्यावर उभी राहिली, आणि फोटोत नवरी कुठे संपते आणि केळीचे खांब कुठे सुरू होतात ते आजही कळत नाही. पण थोरल्या माणसाला तोंडावर सांगायचं कुणी? सगळे म्हणाले, "वा भाऊ, काय रंग निवडला!"

अशा माणसाने म्हातारपणी काय करावं? भजन करावं, पत्ते खेळावेत. आमच्या जेठांनी ग्रह रंगवायला घेतले.

अमेरिकेतल्या भाच्याने त्यांना सीड्या पाठवल्या होत्या. त्यात अवकाशयानांनी काढलेले फोटो होते, पण कच्चे, म्हणजे काळे-पांढरे. एकाच ग्रहाचे तीन फोटो, एक लाल काचेतून काढलेला, एक हिरव्या, एक निळ्या. ते तिन्ही कॉम्प्युटरवर एकावर एक बसवायचे आणि कुठला किती उजळ ठेवायचा ते नजरेने ठरवायचं, की ग्रह रंगीत होतो. सगळी करामत नजरेची. मोठ्या जाऊबाई त्यांच्या माघारी म्हणायच्या, "देवानं रंगवलेलं जग यांना दिसत नाही, अन् हे निघाले देवाची राहिलेली कामं करायला!"

त्यासाठी फंडाच्या पैशातून कॉम्प्युटर आला. एवढा मान घरात जावयालाही मिळाला नव्हता. त्या खोलीत चपला घालून जायचं नाही, फोडणीचा वास जाऊ द्यायचा नाही. भुसावळच्या मे महिन्यात, जेव्हा माठातलं पाणीसुद्धा कोमट होतं, तेव्हा घरातला एकुलता एक कूलर कॉम्प्युटरच्या तोंडावर लावलेला असायचा आणि आम्ही माणसं ओट्यावर पुठ्ठ्याने वारा घेत बसायचो. जाऊबाईंनी पापड वाळवायची बाज मागितली तर तिच्यावर नुकताच छापून आणलेला शनी वाळत पडलेला.

पाहुण्यांचे हाल विचारू नका. रावेरचे एक मामा लग्नाची पत्रिका द्यायला आले, तर त्यांना बसवून गुरूचा एक चंद्र दाखवला. मामा केळीवाले. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, इथं पाणी आहे का?"

"आहे. पण सगळं गोठलेलं."

"मग केळीच्या कामाची नाही जमीन. थंडीनं बाग बसून जाईल."

जेठ उठून उभे राहिले. "केळी! या जिल्ह्याला केळीच्या पलीकडे दुसरं काही दिसतच नाही!"

मामांनी चहा बशीत अर्धा टाकला आणि निघाले. पत्रिका द्यायची राहूनच गेली.

आता माझी भानगड. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने जेठांशी बोलायचं नाही, समोर उभंही राहायचं नाही. मी लग्न होऊन धुळ्याकडून आले तेव्हापासून एक अक्षर त्यांच्याशी बोलले नव्हते. आणि मी मुळातच अबोल, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नव्हतं. पण माझी चूल अशा जागी होती की पडद्याच्या फटीतून कॉम्प्युटर सरळ दिसायचा. जेठांच्या ते ध्यानात आलं. मग ते पडद्याकडे पाठ करून हवेला विचारायचे, "चष्म्याचा नंबर वाढलाय. लाल झाला असेल तर आतून कळू द्या." मी हातातल्या बांगड्या एकदा वाजवायची. नसेल तर गप्प. अशी आम्ही दोघांनी बरीच सृष्टी रंगवली, आणि बाहेर नाव मात्र एकाचंच.

एका वर्षी जळगावच्या एका शाळेने ग्रहांचं प्रदर्शन भरवलं आणि जेठांना बोलावलं. फोटो लावायचे, शेजारी उभं राहून माहिती सांगायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना आपणहून ऐकणार होतं. त्यांनी कोट इस्त्रीला दिला, नातेवाइकांना निरोप धाडले. मधोमध लावायला मोठा मंगळ करायला घेतला.

आदल्या दिवशी दुपारी मी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापत होते. मध्येच मिरची खुडायला उठले आणि पडद्यातून पाहिलं, तर कॉम्प्युटरवर मंगळ कैरीसारखा हिरवागार, आणि खाली जाड अक्षरात लिहिलेलं : तांबडा ग्रह. जेठ त्याच्याकडे जावई बघावा तसे बघत होते. मग मला उमगलं. ते विचारत गेले, "आता लाल?" आणि भाकरी थापताना बांगड्या थांबतात का? प्रत्येक वेळी त्यांना होकारच मिळाला.

छपाईवाल्याकडचा माणूस फोटो न्यायला येणारच होता. जाऊबाई देवळात, हे ड्युटीवर. उद्या सगळ्या जळगावसमोर शाळेतली पोरं या माणसाला हसणार. आजवर घरातल्यांनी लपवलं ते परक्यांच्या तोंडून ऐकणार. मी बांगड्या घट्ट धरल्या. पण न वाजलेली बांगडी त्यांना काय सांगणार? ते तर सीडी काढायला निघाले होते.

मी डोक्यावर पदर ओढला, पडदा बाजूला केला आणि घाबरून माहेरच्या बोलीत बोलले, "भाऊ, हाई हिरवं शे."

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. तसंच विचारलं, "किती?"

"कैरीगत."

ते खुर्चीवर बसले. "आणि तो शालू?"

माझ्या बांगड्या वाजल्या नाहीत. त्यांना कळलं. चष्मा पुसत म्हणाले, "पोरगी बोलली नाही कधी." मग माऊस हातात घेतला. "सांगा."

छपाईवाला दाराशी बसून राहिला आणि मी भिंतीला टेकून सांगत गेले. अजून थोडा. आता विटेसारखा. आता गेरूसारखा. बस.

जळगावात मंगळाची फार वाहवा झाली. जेठांनी सगळ्यांना सांगितलं, "रंगाच्या बाबतीत नजर पक्की लागते. ती उपजतच असावी लागते." माझं नाव काढायचा प्रश्नच नव्हता. घरात मी परत पडद्याआड, ते परत हवेशी बोलणारे. कॉम्प्युटर पुढे बिघडला, जेठही गेले. मंगळ तेवढा बैठकीत आहे, अजून गेरूसारखा.

शेवटच्या दिवसांत त्यांनी एकच नवी सवय लावून घेतली होती. बाजारातून आले की पिशवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उघडून ठेवायचे आणि पाठ करून उभे राहायचे. मी आत डोकावायची. टोमॅटो कच्चेच असायचे, दगडासारखे. मंगळाचं सांगावंच लागलं. टोमॅटोला कोण जळगावातून बघायला येणार होतं? मी बांगड्या एकदा वाजवायची, ते खूश होऊन आत जायचे, आणि मी हिरव्या टोमॅटोच्या चटणीला तवा ठेवायची.