डाव्या भुवईवरील व्रणाचे प्रकरण

गेल्या वर्षी मी दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होतो, असे आमच्या घरात सांगितले जाते. हे विधान दोन ठिकाणी चुकीचे आहे. एक तर ते दोन महिने नव्हते, सात आठवडे होते. दुसरे म्हणजे, मी भिंतीकडे तोंड केले नव्हते, कपाटाच्या आरशाकडे पाठ केली होती. खोलीची रचनाच अशी आहे की आरशाकडे पाठ केली की समोर भिंत येते. ज्याने आयुष्यभर पैठण तालुक्यातील शेते मोजली आणि बांधावरची भांडणे नकाशावर मिटवली, त्याच्या बाबतीत तरी दिशेची चूक होऊ नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

प्रकरणाचे मूळ असे. पावसाळ्याआधी माझे उजवे कानशील ठणकू लागले, भाकरी चावताना जबडा दुखू लागला आणि एके सकाळी उजव्या डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखे झाले. डॉक्टरांनी सांगितले की कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीला सूज आहे, उशीर केला तर डोळा जाईल, स्टेरॉईडच्या गोळ्या आजच सुरू करायच्या. त्या सुरू झाल्या आणि डोळा वाचला. याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की वाचलेल्या डोळ्याला पाहायला काय मिळाले, तर माझाच चेहरा.

तो चेहरा म्हणजे उघड अतिक्रमण होते. गालांनी कानांच्या हद्दीत शिरकाव केला, हनुवटीने मान गिळली, पोट पट्ट्याच्या शेवटच्या भोकापलीकडे गेले. हातपाय मात्र पूर्वीसारखेच किडकिडीत राहिले. भूक अशी लागे की ताटावरून उठतानाच हात शेंगदाण्याच्या चटणीच्या बरणीकडे वळे. सून म्हणते, मी बरणी उशाशी घेऊन झोपत असे. हे असत्य आहे. बरणी खिडकीत होती. खिडकी उशाशी आहे.

आमच्या भागात माणूस फुगला की त्याचे अभिनंदन करतात. अंगाने भरणे म्हणजे सुख लागणे, अशी जुनी समजूत आहे आणि दुष्काळ पाहिलेल्या मुलखात ती मूर्खपणाची म्हणता येत नाही. शहागंजातला चहापत्तीचा दुकानदार मला पाहून गादीवरून उठला आणि म्हणाला, “चाचा, माशाल्ला, तबियत खुल गई.” शेजारच्या बाईंनी माझ्या पत्नीला विचारले की यांना हल्ली काय खाऊ घालता. ही तब्येत नसून सूज आहे, असे मी प्रत्येकाला सांगून पाहिले, पण लोक तो माझा विनय समजले. आयुष्यात प्रथमच कोणी मला विनयशील मानले आणि तेही चुकीच्या कारणासाठी. मी बाहेर जाणे बंद केले.

त्यानंतर जे झाले त्याला घरात ‘रुसणे’ म्हणतात. हा शब्द मी फेटाळतो. रुसलेल्या माणसाला कोणाकडून तरी काहीतरी हवे असते. मला काहीच नको होते. वर्तमानपत्र नको, चहा नको, नातीचा फोन नको. सकाळी जाग आली की वाटे, आणखी एक दिवस आला, आता हा कुठे ठेवावा. एकदा चष्मा सापडेना म्हणून डोळ्यांत पाणी आले, आणि चष्मा सापडल्यावरही ते थांबेना. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. पत्नीने ती पाहिली होती आणि माझी परवानगी न घेता डॉक्टरांपुढे उघड केली. डॉक्टर म्हणाले की मनाची ही उतरणही त्याच गोळ्यांमुळे असू शकते, गोळ्या आपल्या मर्जीने थांबवायच्या नाहीत, मात्रा बेताबेताने कमी करू, आणि असे वाटत असेल तर ते लपवायचे नाही. कारण कळले. आरशाकडे तोंड मात्र वळले नाही.

अशात नोव्हेंबर आला. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने आपण हयात आहोत हे दरवर्षी नोव्हेंबरात सिद्ध करायचे असते. एरवी मी पहिल्याच दिवशी इस्त्रीचा सदरा घालून बँकेत हजर असे. त्या वर्षी शेवटचा आठवडा उजाडला तरी मी हललो नाही. तेव्हा पत्नी दारात उभी राहून म्हणाली, “अहो, घरात नसल्यासारखे राहिलात ते चाललं. तिथं आहे म्हणून सांगावं लागतं.” एवढे बोलून तिने माझ्या जुन्या सहकाऱ्याला स्कूटर घेऊन बोलावले. मोजणीच्या साखळीचे एक टोक मी धरायचो आणि दुसरे तो, अशी आमची अर्धी नोकरी गेली होती.

बँकेतल्या तरुण अधिकारी मुलीने माझ्या चेहऱ्यासमोर मोबाईल धरला आणि पापण्या मिटून उघडायला सांगितले. यंत्राने मला नाकारले. तीनदा नाकारले. बोटांचे ठसे घ्यावेत, तर ते साखळीने आणि वयाने केव्हाच घासून टाकलेले. शेवटी तिने जुने कागद काढले. त्यावरच्या छायाचित्रात टोकदार हनुवटीचा एक ताठ गृहस्थ होता. तिने त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि अतिशय सौजन्याने विचारले, “काका, हे कागद तुमचेच आहेत ना?”

आरशातला तो माणूस मी नव्हे, असे सात आठवडे मी स्वतःला सांगत होतो. आता एक यंत्र आणि एक अधिकारी त्या मताशी सहमत झाले, तेव्हा ते मत मला मुळीच पसंत पडले नाही.

“मीच आहे,” मी म्हणालो. मी ओरडलो, असे नंतर पसरवण्यात आले. मी ठामपणे बोललो. बँकेची जागा लहान आहे, त्याला माझा इलाज नाही.

ओळखीची खूण वाचा, असे मी तिला सांगितले. तिने वाचले: डाव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण. मी पुढे वाकलो आणि दोन बोटांनी सुजलेली कातडी ताणून दाखवली. बांध कोरला जातो, सरकतो, नांगराखाली जातो, पण खोल पुरलेला हद्दीचा दगड जागेवरच राहतो. व्रण जागेवर होता. तो कसा झाला, असे तिने विचारले. मी सांगितले की पाचोडकडे मोजणी करताना एकाचे अतिक्रमण सिद्ध केले, म्हणून त्याने मला दगड मारला.

मागून सहकाऱ्याचा आवाज आला. “दगड कुणी मारला नाय, ताई. साखळीत पाय अडकून हे हद्दीच्या दगडावर पडले. मी दुसऱ्या टोकाला व्हतो.”

मी वळलो. दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला या टोकाचे काय दिसणार, असा माझा पहिला मुद्दा होता. त्याच्या डोळ्यांवर ऊन होते, हा दुसरा. ऊन डोक्यावर होते, असे त्याचे म्हणणे.

“तू तेव्हा विडी पेटवत होतास,” मी म्हणालो.

“लई बोलता राव,” तो म्हणाला. “वहिनी म्हणत व्हत्या, तोंडच उघडत नाय.”

रांगेतली माणसे हसत होती, आणि त्या मुलीने दरम्यान माझी सही जुन्या सहीशी ताडून पाहिली होती. कागद माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, “काका, तुम्ही हयात आहात. इथे सही करा.”

आता गोळीची मात्रा पुष्कळ उतरली आहे आणि हनुवटीने आपली जागा बरीचशी परत मिळवली आहे. पत्नी याचे श्रेय डॉक्टरांना देते, सून बरणी कुलुपात ठेवण्याला. सहकारी मात्र म्हणतो की त्या दिवशी तो मुद्दाम खोटे बोलला, मला पेटवण्यासाठी. हे मान्य केले तर दगड मारलाच होता हे सिद्ध होते, पण मला जागे करण्याचे श्रेय त्याला जाते. अमान्य केले तर मी साखळीत अडकून पडलो, असे होते. म्हणून मी अद्याप जबाब दिलेला नाही. तो रोज संध्याकाळी येतो आणि जबाब मागतो. मी त्याला चहा देतो.

सकाळी दाढी करताना मी डावी भुवई तेवढी तपासून घेतो. खूण जागेवर आहे.