खिडकी लावून वाचायचं पुस्तक

मंडळी, सध्या काय वाचतेयस म्हणून विचारलंत ना? खुनाची एक कादंबरी वाचली, एका बैठकीत संपते. हिमालयातलं एक प्रवासवर्णन वाचलं, ते सावकाश वाचा. तिसरं आज संध्याकाळी गॅलरीत घेऊन बसले होते. ते जरा जपून वाचा.

त्यात कारखान्यांशेजारचं गाव आहे. वास आला की लोक खिडक्या लावतात, "रोजचंच आहे" म्हणतात आणि जेवायला बसतात. एक दिवस वास वेगळा येतो. तरी ते खिडक्याच लावतात.

मी त्याच पानावर होते आणि खालच्या काकूंनी हाक मारली, "अगं, खिडकी लाव, कंपन्यांनी परत गॅस सोडलाय!"

"रोजचंच आहे, काकू," म्हणत मी आत आले, खिडकी लावली, दाराखाली ओला टॉवेल सरकवला. आणि तिथेच थबकले.

आपल्याकडच्या कंपन्यांच्या नेहमीच्या वासाने डोळे चुरचुरतात. आजचा वास गोडसर आहे, पिकलेल्या फणसासारखा.

पुढचं पान उलटायची हिंमत होत नाहीये. अंबरनाथ पश्चिम, बदलापूर, जांभूळ गावातले, कुणीतरी सांगा. तुमच्याकडेही वास गोड येतोय? की तुम्हीही खिडक्या लावून जेवायला बसलात?